उशिराचे गर्भारपण आणि घरातली थोरली मुले

थोरली मुलगी बारावीला, मुलगा नववीत, आईचे वय ४१ किंवा ४२. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे आणि लग्नाचे बेत सुरू असतात आणि अशा वेळी आईला दिवस गेल्याचे कळते. असे घर आपल्या गावात एखादेच असते असे नाही. फक्त त्याची चर्चा दबक्या आवाजात होते.

गर्भारपणावर लिहिताना आपण गरोदर स्त्रीशी बोलतो, तिच्या नवऱ्याशी बोलतो, सासूशीही बोलतो. आजचा लेख मात्र घरातल्या थोरल्या मुलांसाठी आहे. त्याला कारण आहे. चाळिशीतली गरोदर बाई दवाखान्यात उशिरा येते, कधी चौथ्या तर कधी पाचव्या महिन्यात. उशीर का केला असे विचारले तर पैसे नव्हते किंवा गाडी मिळाली नाही असे उत्तर क्वचितच येते. ती खाली मान घालून म्हणते, "मोठी मुलं आहेत घरात. त्यांना काय तोंड दाखवू?" म्हणजे आईचा दवाखान्याचा रस्ता अनेकदा मुलांच्या चेहऱ्याकडे पाहून अडतो. तो मोकळा करणेही मुलांच्याच हातात असते. आजचा सगळा लेख या एका गोष्टीविषयी आहे.

पूर्वी हे नवे नव्हते

आपल्या आजी-पणजीच्या काळी आई आणि लेक एकाच वर्षी बाळंत होणे ही सर्रास दिसणारी गोष्ट होती. मामापेक्षा भाचा मोठा, अशी उदाहरणे जुन्या घरांत आजही सापडतात. घरातल्या शेवटच्या मुलाला 'शेंडेफळ' हा लाडका शब्द आपल्या भाषेने उगाच दिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे आणि शेवटचे अपत्य. 'शेवटचे मूल बुद्धीने कमी असते' असे म्हणणाऱ्यांना आणखी वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

मग आज याची लाज का वाटते? कारण कुटुंबे लहान झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी २.९ मुले होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण १.७ वर आले. दोन मुलांवर थांबणे हा रिवाज झाला आणि तिशीनंतर पाळणा हलणे हा अपवाद ठरला. अपवादाकडे लोक वळून पाहतात, एवढेच. २०१८ साली आलेला 'बधाई हो' हा हिंदी चित्रपट याच विषयावर होता. लग्नाच्या वयाच्या मुलाला आईच्या गर्भारपणाची बातमी कळते आणि तो मित्रांना तोंड चुकवू लागतो. हा चित्रपट लोकांनी उचलून धरला, कारण त्या मुलाची अडचण अनेक घरांना ओळखीची होती.

पाळी गेली की दिवस गेले?

चाळिशीनंतरचे गर्भारपण उशिरा का लक्षात येते, हे आधी समजून घेऊ. आपल्याकडे पाळी कायमची जाण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. त्याआधी काही वर्षे पाळी अनियमित होते. कधी दोन महिने येत नाही, कधी महिन्यात दोनदा येते. त्यामुळे पाळी चुकली की बाईला वाटते, 'चला, सुटले एकदाची.' मळमळ झाली की पित्त, थकवा आला की वय, चिडचिड झाली की कामाचा ताण, अशी प्रत्येक लक्षणाची समजूत घातली जाते. पण पाळी अनियमित झाली तरी अधूनमधून बीज तयार होतच असते. उलट या वयात कधीकधी एकाच वेळी दोन बीजे बाहेर पडतात, त्यामुळे जुळ्यांची शक्यताही थोडी वाढते.

म्हणून नियम सोपा ठेवावा. पन्नाशीच्या आतील विवाहित स्त्रीची पाळी चुकली तर प्रथम लघवीची तपासणी करावी आणि मगच 'पाळी गेली' असे म्हणावे. पाळी चुकल्यावर आठवड्याने ही तपासणी घरच्या घरी करता येते. तपासणीची पट्टी औषधांच्या दुकानात मिळते. आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडेही चौकशी करावी. आईला सकाळी उलटीसारखे होते आहे, जेवणाचा वास नको होतो आहे, हे घरातल्या मोठ्या मुलीच्या नजरेला बहुधा सर्वांत आधी पडते. तिने संकोच न करता आईला एकांतात विचारावे. त्या एका प्रश्नाने दोन महिने वाचू शकतात.

ऑपरेशन झाले होते, तरीही?

महाराष्ट्रातील निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले असते. हा उपाय अतिशय भरवशाचा आहे, पण शंभर टक्के नाही. स्त्रीच्या ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात हजारात सुमारे पाच जणींना दिवस राहू शकतात, आणि पुढच्या वर्षांतही अगदी थोड्या प्रमाणात ही शक्यता राहते. पुरुषाच्या नसबंदीनंतरही कापलेली नळी पुन्हा जुळण्याची घटना क्वचित घडते.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली वैद्यकीय आहे. ऑपरेशननंतर राहिलेला गर्भ पिशवीत न राहता नळीत अडकण्याचा धोका बराच असतो. अशी नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जिवावर बेतते. ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले, भोवळ आली किंवा खांद्यात कळ येऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट मनाची आहे. वडिलांची नसबंदी झालेली असताना आईला दिवस गेले तर घरात संशयाची कुजबुज सुरू होते. मोठी मुलेही त्या कुजबुजीत सापडतात. ऑपरेशन अयशस्वी होणे ही वैद्यकशास्त्राला माहीत असलेली गोष्ट आहे. वडिलांच्या वीर्याच्या साध्या तपासणीतून बऱ्याचदा त्याचा उलगडा होतो. आईच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याचा अधिकार मुलांना नाही.

थोरल्यांच्या मनात काय चालते?

आता मुलांच्या बाजूने पाहू. बातमी कळल्यावर मुले आनंदाने नाचत नाहीत, यात त्यांचा गुन्हा नाही. तेरा ते अठरा या वयात मुलांना स्वतःच्या शरीराचाच संकोच वाटत असतो. आई-वडील हेही नवरा-बायको आहेत, हे सत्य त्यांच्यासमोर एकदम येऊन उभे राहते. वर्गात कुणी चिडवील, शिकवणीच्या बाई विचारतील, मैत्रीण घरी आली तर काय सांगायचे, अशा प्रश्नांनी त्यांना घेरलेले असते.

वरवर दिसते ती लाज, पण तिच्याखाली पुष्कळदा भीती असते. 'या वयात आईला काही झाले तर?' हा प्रश्न मुले कुणालाच विचारत नाहीत. काही मुलांना राग येतो, कारण फीचे पैसे, कॉलेजचे वसतिगृह, बहिणीचे लग्न हे सगळे आता मागे पडेल असे त्यांना वाटते. मोठ्या मुलीला आणखी एक गोष्ट न सांगता कळते. बाळ आईचे असले तरी दुपटी आपल्यालाच धुवावी लागणार आहेत.

या भावना दाबू नयेत. मुलांनी त्या वडिलांशी, मावशीशी, आत्याशी किंवा विश्वासाच्या शिक्षकांशी बोलून दाखवाव्यात. आईशी बोलायचे असेल तर 'तुला लाज कशी वाटली नाही' असे म्हणू नये. 'मला तुझी काळजी वाटते' असे म्हणावे. बहुतेक वेळा खरे तेच असते. पहिल्या वाक्याने आई दार लावून घेते. दुसऱ्या वाक्यानंतर ती तपासणीला निघते.

आई-वडिलांसाठीही एक सूचना. ही बातमी मुलांना तुमच्याच तोंडून कळू द्या. शेजारच्या काकूंकडून किंवा नातेवाइकांच्या कुजबुजीतून कळली तर मुलांना फसवल्यासारखे वाटते. वडिलांनी पुढाकार घेऊन मुलांना जवळ बसवावे आणि साध्या शब्दांत सांगावे. सगळा भार आईवर टाकून स्वतः ओसरीवर पेपर वाचत बसू नये.

धोका आहे, पण किती?

वयाबरोबर धोका वाढतो हे खरे आहे. पण 'आता काही खरे नाही' असे म्हणून हातपाय गाळणेही चूक आहे. चाळिशीनंतर गर्भपात आपोआप होण्याचे प्रमाण तरुण वयापेक्षा बरेच जास्त असते. रक्तदाब वाढणे, गर्भारपणातला मधुमेह, वार खाली असणे, दिवस भरण्याआधी बाळंत होणे आणि सिझेरियनची गरज पडणे, हे सारे वाढते. आधीची तीन-चार बाळंतपणे झाली असतील तर बाळंतपणानंतर पिशवी नीट आकुंचन न पावता जास्त रक्त जाण्याची भीती असते.

बाळाविषयीची सर्वांत मोठी धास्ती म्हणजे डाऊन सिंड्रोम. त्यात बाळाच्या पेशींमध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. आईच्या २५ व्या वर्षी हे प्रमाण साधारण १२५० बाळांत एक असते. ३५ व्या वर्षी ते सुमारे ३५० त एक, ४० व्या वर्षी १०० त एक आणि ४५ व्या वर्षी ३० त एक होते. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. चाळिशीत धोका वाढलेला असतो, आणि तरीही १०० पैकी ९९ बाळांना हा दोष नसतो. 'या वयातले मूल अपंगच होणार' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या नातेवाइकांना हा हिशेब शांतपणे सांगावा.

वेळ का महत्त्वाची?

लाजेपायी जे तीन-चार महिने जातात, तेच नेमके सर्वांत कामाचे असतात. कसे ते पाहा.

पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायची असते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू याच काळात घडतो. याच वेळी पहिली सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना आणि एक आहे की जुळे, हे पाहतात. आईला आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर तिच्या चालू गोळ्या बदलाव्या लागतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या बाळाला घातक असतात. मात्र डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

अकरा ते चौदा आठवडे या काळात एक खास सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी होते. तिच्यावरून डाऊन सिंड्रोमचा संभव किती याचा अंदाज येतो. संभव जास्त निघाला तर पुढच्या तपासणीने खात्री करता येते. ज्या स्त्रियांना रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त आहे, त्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत, कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ही वेळ टळली की तिचा फायदा कमी होतो.

अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी होते. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी करावी. आईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर तो गर्भारपणातला मधुमेह समजतात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला तर तो वाढलेला समजावा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर रक्त कमी आहे.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या घ्यायच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. त्याने लोह अंगी लागत नाही. शौचाला काळे होते म्हणून घाबरून गोळी सोडू नये.

या तपासण्यांसाठी मोठा खर्च करावाच लागतो असे नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त आणि ने-आण मोफत आहे. तिसरे किंवा चौथे मूल आहे म्हणून कुणी नाकारू शकत नाही.

ठेवायचे की नाही, हे कोण ठरवणार?

हा प्रश्न घराघरात येतो आणि त्यावर सगळे मत देतात. कायदा मात्र स्पष्ट आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. कायद्यातील कारणांसाठी, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरणे हे त्यातले एक मान्य कारण आहे. २० ते २४ आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते. नवऱ्याची, सासूची किंवा मुलांची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

म्हणून मुलांनी दोन्ही टोके टाळावीत. 'पाडून टाक, नाहीतर मी घर सोडतो' ही धमकी चूक. 'पाप लागेल, ठेवायलाच हवे' ही सक्तीही चूक. आईला पूर्ण माहिती मिळू द्या आणि तिला ठरवू द्या. दुकानातून चोरून आणलेल्या गोळ्या तिला कधीही घेऊ देऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि जीव धोक्यात येतो. रक्त कमी असलेल्या बाईला होणारा जास्त रक्तस्रावही प्राणघातक ठरतो.

काही घरांत दोन-तीन मुलींनंतर 'आता तरी मुलगा' म्हणून चाळिशीत आईवर गर्भारपण लादले जाते. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते, बाईच्या नव्हे. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा घरातल्या थोरल्या मुलीला 'आपण पुरेशा नव्हतो' असे वाटत राहते, हेही बापाने ध्यानात घ्यावे.

थोरल्यांनी काय करावे?

पहिले काम म्हणजे तपासणीला सोबत जाणे. मुलगा असो वा मुलगी, आईबरोबर एकदा दवाखान्याच्या बाकावर बसावे. अर्ध्या गावाची कुजबुज तिथेच थांबते. लोक चार दिवस बोलतात आणि मग त्यांना दुसरा विषय मिळतो. मुलगा आईची फाइल हातात घेऊन उघडपणे चालला आहे हे पाहिल्यावर बोलणाऱ्यांची गंमत निघून जाते.

दुसरे काम वहीचे. एका वहीत तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि पुढची भेट लिहून ठेवावी. शिकलेल्या मुलांना हे सहज जमते आणि डॉक्टरांनाही त्याचा मोठा उपयोग होतो.

तिसरे म्हणजे घरकामाची वाटणी. पाण्याच्या कळशा, गहू-ज्वारीची पोती, गॅसची टाकी आईला उचलू देऊ नये. ही कामे मुलाने आणि वडिलांनी करावीत. सगळे मुलीच्या गळ्यात पडता कामा नये. आई गरोदर आहे म्हणून मुलीची शाळा सोडवणे, तिची परीक्षा बुडवणे किंवा 'घरात अडचण आहे' म्हणून घाईने तिचे लग्न उरकणे, हा त्या मुलीवर अन्याय आहे. ती बहीण आहे, दुसरी आई नव्हे. गरज पडल्यास मावशी, आत्या किंवा पगारी बाईची मदत घ्यावी.

लेक सासरी असेल आणि तिलाही दिवस असतील तर वेगळाच पेच पडतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण आईच अवघडलेली असेल तर लेकीची सेवा कोण करणार? इथे रीत बाजूला ठेवून सोय पाहावी. लेकीचे बाळंतपण सासरी करावे, किंवा मावशी-काकूंनी माहेरी येऊन राहावे. सासू आणि सून एकाच घरात गरोदर असतील तर दोघींनी एकाच दिवशी तपासणीला जावे. एकमेकींची सोबत होते आणि संकोचही कमी होतो. सुनेने 'सासूबाईंना शोभत नाही' असे माहेरी सांगत फिरू नये. मुलाने बायकोला तशी समज द्यावी आणि आईची बाजू घ्यावी.

चौथे काम रक्ताचे. आईचा रक्तगट आधीच माहीत करून घ्यावा. अठरा वर्षे पूर्ण झालेली, ४५ किलोंपेक्षा जास्त वजनाची आणि निरोगी मुले रक्तपेढीत रक्तदान करू शकतात. ते रक्त थेट आईला द्यायचे नसते. रक्तपेढीत साठा राहिला की वेळेला कुणाचे तरी योग्य रक्त आईला मिळते.

पाचवे, बाळंतपण कुठे होणार हे सातव्या महिन्यातच ठरवावे. चाळिशीचे बाळंतपण घरी करू नये. भूल देणारे डॉक्टर, सिझेरियनची सोय आणि रक्त जिथे मिळते, असे उपजिल्हा, जिल्हा किंवा खासगी रुग्णालय निवडावे. दिवस भरल्यावर 'आपोआप कळा येतील' म्हणून आठवडाभर वाट पाहू नये. या वयात डॉक्टर ठरलेल्या तारखेच्या पुढे फार थांबत नाहीत. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गरोदर स्त्रियांसाठी १०२ हे क्रमांक घरात सर्वांना पाठ असावेत.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे. डोके जोरात दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे. चेहरा आणि हात एकदम सुजणे. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखणे. झटके येणे. ताप. दम लागणे. बाळाची हालचाल कमी होणे. आई स्वभावाने 'काही नाही, होईल बरे' असेच म्हणणार. म्हणून या खुणा मुलांनी ओळखायला शिकावे.

बाळ आल्यावर

बाळंतपणानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी लावावे आणि पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. वय जास्त म्हणून दूध कमी येते हा गैरसमज आहे. अंगावरून जास्त रक्त जाते आहे का, याकडे पहिला दिवसभर विशेष लक्ष असावे. बाळंतपणानंतर आई सतत रडत असेल, झोपत नसेल, 'मी ओझे झाले' असे बोलत असेल तर ते लाड किंवा नाटक समजू नये. डॉक्टरांना सांगावे. मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. पुन्हा दिवस राहू नयेत यासाठीचा उपाय दवाखान्यातून निघण्यापूर्वीच ठरवावा. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी हा त्यातला सर्वांत सोपा उपाय आहे. मात्र तिचा परिणाम यायला तीन महिने लागतात आणि वीर्य तपासून खात्री करावी लागते. नसबंदी केली नाही तर पाळी पूर्ण थांबल्यावरही पन्नाशीच्या आत दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी.

एक व्यवहाराची गोष्टही उघडपणे बोलावी. बाळ दहावीला जाईल तेव्हा आई-वडील साठीच्या घरात असतील. त्या वेळचा खर्च कुठून येणार, हे आई-वडिलांनी आत्ताच ठरवावे. थोरल्याने स्वतःहून हातभार लावला तर ते त्याचे मोठेपण. पण सतरा वर्षांच्या मुलाकडून 'याला तूच सांभाळायचे' असे वचन घेऊ नये. बहीण-भावाचे प्रेम वचनातून येत नाही. बाळ एकदा बोट धरू लागले की ते आपोआप येते. लाजून घरात तोंड लपवणारी कितीतरी थोरली मुले वर्षभराने शेंडेफळाला सायकलच्या दांड्यावर बसवून बाजारात फिरवताना आपण सारेच पाहतो.

लक्षात ठेवा

१. पन्नाशीच्या आत पाळी चुकली तर आधी लघवीची तपासणी करावी.
२. ऑपरेशन झालेले असूनही दिवस राहू शकतात. पोटात दुखले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.
३. पहिली तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आत झालीच पाहिजे.
४. मूल ठेवायचे की नाही हे आईने ठरवावे.
५. थोरल्या मुलीची शाळा सुटता कामा नये.
६. बाळंतपण सोयी असलेल्या रुग्णालयातच करावे.
७. आईबरोबर दवाखान्यात जाण्यात कमीपणा नाही. न गेल्यामुळे जे होऊ शकते ते भरून येत नाही.